फंक्शनने पॅरामीटर बदलावा का? छोटी भाषा रचताना एकेक निर्णय

इंजिनीअरिंगला सी शिकलेल्या जवळपास प्रत्येकाने दोन गोष्टी केलेल्या असतात. पहिली म्हणजे इनपुट वाचणाऱ्या स्कॅनएफमध्ये व्हेरिएबलच्या आधी पत्ता दाखवणारं & टाकायला विसरणं आणि मग प्रोग्राम का आपटला म्हणून डोकं खाजवत बसणं. दुसरी म्हणजे ‘कॉल बाय व्हॅल्यू आणि कॉल बाय रेफरन्समधला फरक’ या मथळ्याखाली जर्नलमध्ये स्वॅपचा, म्हणजे दोन व्हेरिएबलांच्या किमतींची अदलाबदल करण्याचा, प्रोग्राम उतरवून काढणं. पहिल्यात फंक्शनला किमतीची कॉपी मिळते, दुसऱ्यात मूळ व्हेरिएबलच हाती येतं. व्हायव्हाला हा प्रश्न हमखास येतो, उत्तर पाठ असतं, सही मिळते, विषय संपतो. हा फरक मुळात ठेवला कशासाठी, आणि उद्या तुम्हीच भाषा रचायला बसलात तर काय ठेवाल, हे मात्र कोणी विचारत नाही.

माझ्यावर ती वेळ आली ती गृहनिर्माण सोसायट्यांच्या मेंटेनन्स बिलांमुळे. प्रत्येक सोसायटीचे नियम वेगळे: कुठे पार्किंग गाडीमागे, कुठे फ्लॅटमागे, थकबाकीवर व्याज कुठे दरमहा तर कुठे तिमाहीला. हे नियम मुख्य प्रोग्राममध्ये कोंबत बसण्यापेक्षा ते लिहायला एक छोटी भाषा करावी असं ठरलं आणि मी ती केली. पॅरामीटरचा, म्हणजे फंक्शनला बाहेरून मिळणाऱ्या गोष्टी त्याने बदलाव्यात का याचा, निर्णय मी घेतलाच नाही. इंटरप्रिटर (माझ्या भाषेतले नियम वाचून चालवणारा प्रोग्राम) ज्या भाषेत लिहिला तिच्यात जे होत होतं तेच आपसूक आलं. त्याची किंमत पुढे मोजली, ती सांगतो. त्या अनुभवावरून, पहिल्यांदा बसताना कोणत्या क्रमाने निर्णय घ्यायला हवे होते, ते इथे लिहितोय. भाषा रचायची नसेल, नुसता टीमसाठी नियम ठरवायचा असेल, तरी बहुतेक पायऱ्या लागू पडतील.

पायरी १: ‘बदलणं’ म्हणजे नेमकं काय, ते आधी वेगळं करा

या विषयावरचे निम्मे वाद एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या क्रिया लपल्यामुळे होतात. हे बघा:

    फंक्शन चाचणी(यादी)
        यादी.जोड(७)
        यादी = [१, २]

पहिल्या ओळीत यादी नावाची जी वस्तू आहे ती आतून बदलली. दुसऱ्या ओळीत वस्तूला कोणी हात लावला नाही, फक्त ‘यादी’ हे नाव उचलून दुसऱ्याच वस्तूला चिकटवलं. पायथन, जावा, जावास्क्रिप्ट या तिन्हींमध्ये पहिल्या ओळीचा परिणाम कॉल करणाऱ्याला दिसतो आणि दुसरीचा दिसत नाही.

हे मी नवख्यांना डुप्लिकेट किल्लीवरून समजावतो. तुम्ही मला तुमच्या घराची डुप्लिकेट किल्ली दिलीत. मी आत जाऊन सोफा हलवला तर संध्याकाळी तुम्हाला तो हललेला दिसणारच. पण मी ती किल्ली खिशातून काढून टाकली आणि त्या जागी दुसऱ्या घराची किल्ली ठेवली, तर तुमच्या घराचं काही बिघडत नाही. एमआयटीत बार्बरा लिस्कोव्ह आणि सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात सीएलयू ही भाषा केली तेव्हा या पद्धतीला ‘कॉल बाय शेअरिंग’ असं नाव दिलं. नाव चपखल आहे, पण रुळलं नाही. म्हणून ‘जावा बाय व्हॅल्यू की बाय रेफरन्स’ हा वाद अजून चहाच्या टपरीवर रंगतो. जावा सगळं बाय व्हॅल्यूच देते. ती व्हॅल्यू म्हणजे किल्ली असते, इतकंच.

गो भाषेतल्या स्लाइसकडे (ॲरेच्या, म्हणजे ओळीने ठेवलेल्या घटकांच्या, एखाद्या भागावरची खिडकी) इथेच बघून ठेवा, कारण दोन्ही क्रिया गुंतल्या की काय होतं याचा तो नमुना आहे. फंक्शनला स्लाइस दिली की तिच्या छोट्या हेडरची कॉपी जाते: मूळ ॲरेचा पत्ता, लांबी, क्षमता. आत एखाद्या घटकाला नवी किंमत दिली तर बाहेर दिसते. अपेंड केलं, म्हणजे शेवटी नवा घटक जोडला, तर बाहेरच्या स्लाइसची लांबी जुनीच राहते. शिवाय क्षमता शिल्लक असेल तर नवा घटक त्याच ॲरेत लिहिला जातो, नसेल तर नवा ॲरे तयार होतो, आणि त्यानंतर आत केलेला कुठलाच बदल बाहेर पोहोचत नाही. एकच कोड, पण परिणाम क्षमतेवर अवलंबून. गोवाल्यांनी यावर ‘अपेंडचं उत्तर नेहमी परत त्याच नावात घ्या’ ही सवय लावून घेतली आहे. नव्या भाषेत असल्या सवयीची गरज पडू देऊ नका.

पायरी २: नाव दुसरीकडे चिकटवू द्यायचं का?

हा सोपा भाग आहे. देऊ नका.

कोटलिनमध्ये पॅरामीटरला पुन्हा किंमत देताच येत नाही. स्विफ्टमध्ये सुरुवातीला पॅरामीटरपुढे ‘व्हार’ लिहून तशी मुभा घेता येई. २०१६ साली आलेल्या स्विफ्ट ३ ने ती काढून घेतली, कारण लोक ‘व्हार’ आणि ‘इनआउट’ (बाहेरचं खरोखर बदलू देणारा शब्द) यांत गल्लत करत होते: ‘व्हार’ लिहिलं म्हणजे बाहेरचं बदलेल, अशी समजूत. बर्ट्रांड मेयर यांच्या आयफेलमध्ये ही मनाई पहिल्यापासून आहे. जावास्क्रिप्टवाल्यांना भाषेने दिलं नाही म्हणून त्यांनी कोड तपासणाऱ्या ईएसलिंटमध्ये ‘नो-पॅरम-रीअसाइन’ हा नियम केला.

मनाईचा खरा फायदा डीबगरमध्ये, म्हणजे प्रोग्राम मध्येच थांबवून बघताना, कळतो. फंक्शनच्या चाळिसाव्या ओळीवर थांबलात आणि ‘दर’ ची किंमत बघितलीत, तर ती आत आलेली किंमत आहे की मधल्या कुठल्या ओळीने घासून-पुसून ठेवलेली, हे कळायला हवं. एरर मेसेजमध्ये पॅरामीटर छापता तेव्हाही तेच. विरुद्ध बाजूचं एकच उदाहरण मला पटतं: युक्लिडच्या पद्धतीने मसावि काढताना अ आणि ब यांना पुन्हा पुन्हा किंमत देणं अगदी सहज वाटतं. तिथे दोन लोकल व्हेरिएबल जास्त लिहावी लागतात. लिहा.

पायरी ३: फंक्शनच्या हातात मुळात काय द्यायचं?

इथे जरा थांबून जुन्या लोकांनी काय भोगलं ते बघायला हवं, कारण प्रत्येक पर्याय कोणीतरी आधीच करून पाहिलेला आहे.

आयबीएमचा पहिला फॉरट्रान कंपायलर १९५७चा. सबरूटीन (फंक्शनांचाच जुना अवतार) १९५८ च्या फॉरट्रान २ मध्ये आल्या आणि त्यांना आर्ग्युमेंटचा, म्हणजे कॉल करताना दिलेल्या गोष्टीचा, पत्ता दिला जाई. पत्ता कशाचाही असू शकतो, अगदी प्रोग्राममध्ये लिहिलेल्या २ या आकड्याचासुद्धा. काही जुन्या कंपायलरांमध्ये २ हा स्थिरांक मेमरीत एकाच जागी ठेवलेला असे. सबरूटीनला २ दिला आणि तिने आत त्यात १ मिळवला, की पुढे प्रोग्रामभर जिथे जिथे २ लिहिलंय तिथे तिथे ३ वापरला जाई. ऐकायला विनोदी आहे, शोधायला नाही.

अल्गोल ६० ने दोन रस्ते दिले: व्हॅल्यू आणि नाव. ‘कॉल बाय नेम’ मध्ये आर्ग्युमेंटची किंमत जात नाही. जणू लिहिलेला मजकूरच आत जातो आणि दर वापराच्या वेळी नव्याने मोजला जातो. डौलदार कल्पना, पण जर्नलमधला साधा स्वॅपही तिच्यात नीट लिहिता येत नाही. समजा अदलाबदल(न, अ[न]) असा कॉल केला, न ची किंमत १ आणि अ[१] ची ३. आतल्या ओळी अशा चालतात:

    ट = न            → ट झाला १
    न = अ[न]        → न झाला ३
    अ[न] = ट        → पण आता हा अ[३] आहे!

अ[१] जसाच्या तसा राहिला आणि अ[३] मध्ये विनाकारण १ जाऊन बसला.

पुढे पास्कलने १९७० मध्ये साधा तोडगा काढला: मुळात कॉपी, आणि बाहेरचं बदलायचं असेल तर पॅरामीटरपुढे ‘व्हार’ लिहा. सी ने त्याहून कमी दिलं: सगळं कॉपी, बदल हवा असेल तर पत्ता स्वतः पाठवा. (ॲरे दिला की मात्र पहिल्या घटकाचा पत्ताच जातो. तेवढी फट राहिली.) उलट टोकाला व्हिज्युअल बेसिक, ज्यात न सांगता बाय रेफरन्स. डॉटनेटच्या आवृत्तीत ते बदलून बाय व्हॅल्यू केलं, पण एक्सेलच्या मॅक्रोंमधलं व्हीबीए अजून जुन्याच नियमाने चालतं. ऑफिसात मॅक्रो लिहिणाऱ्या कितीतरी जणांना आपण पाठवलेलं व्हेरिएबल दुसरी प्रोसीजर गुपचूप बदलू शकते, हे वर्षानुवर्षं माहीत नसतं. वर गंमत अशी की, ‘कॉल’ हा शब्द न लिहिता प्रोसीजर बोलावली आणि आर्ग्युमेंटभोवती सहज म्हणून जादाचा कंस टाकला तर बदल बाहेर येतच नाही, कारण कंसामुळे ती नवी किंमत ठरते.

आज तुमच्यापुढे व्यवहारात तीन पर्याय आहेत. किल्ली वाटणं, म्हणजे पायथन आणि जावाचा रस्ता. वस्तू मुळात बदलूच न देणं, म्हणजे हॅस्केल, अर्लँग, क्लोजर यांचा. आणि तिसरा, जो मला छोट्या भाषेसाठी सगळ्यात शहाणा वाटतो: प्रत्येक कॉलला कॉपी गेली असं वागणं, पण खरोखरची कॉपी शेवटच्या क्षणापर्यंत टाळणं. स्विफ्टचे ॲरे, पीएचपीचे ॲरे आणि आर भाषेतले व्हेक्टर असे चालतात.

हे करायला अवघड नाही. प्रत्येक ॲरेसोबत एक आकडा ठेवा: सध्या किती नावं याच्याकडे बोट दाखवतात. फंक्शनला ॲरे दिला की आकडा एकने वाढतो, कॉपी होत नाही. कोणी लिहायला आलं की आकडा बघायचा. १ असेल तर जागेवरच बदला, कोणाचं नुकसान नाही. जास्त असेल तर आधी झेरॉक्स काढा आणि तिच्यावर लिहा. कॉल करणाऱ्याची मूळ प्रत सुरक्षित राहते आणि नुसतं वाचणाऱ्या फंक्शनांना एक पैचाही भुर्दंड पडत नाही.

माझ्या भाषेत मी हे केलं नव्हतं, किल्ल्या वाटल्या होत्या. एका सोसायटीच्या नियमांमध्ये ‘मोठे थकबाकीदार’ छापणारं फंक्शन होतं. ते फ्लॅटांची यादी घेई, थकबाकीप्रमाणे उतरत्या क्रमाने लावी आणि पहिले दहा छापी. क्रम लावला तो अर्थातच मूळ यादीचा. त्याच्या खालच्या ओळीवर पाण्याच्या मीटरची रीडिंग यादीतल्या क्रमाने फ्लॅटांना जोडली जात होती. बिलं गेली, आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन: ‘अहो, तो फ्लॅट दोन वर्षं बंद आहे. पाणी कोण पितंय तिथे?’ मी आधी मीटरवर संशय घेतला, मग एक्सेलवर, मग ज्याने रीडिंग भरली त्याच्यावर. छपाईच्या फंक्शनकडे बघायचं सुचलं तेव्हा संध्याकाळ झाली होती. छापणारं फंक्शन काही बदलेल हे मनातच येत नाही.

पायरी ४: बदलणार असेल तर सिग्नेचरमध्ये लिहायला लावा

कॉपी हा मूळ नियम ठरला की अपवादासाठी शब्द हवा, आणि तो सिग्नेचरमध्ये, म्हणजे फंक्शनचं नाव आणि पॅरामीटर सांगणाऱ्या ओळीत. ॲडा भाषेने १९८३ च्या मानकात तीन शब्द दिले आणि माझ्या मते आजही त्यांहून चांगली विभागणी नाही: ‘इन’ म्हणजे फक्त वाचायचं, ‘आउट’ म्हणजे फक्त भरून द्यायचं, ‘इन आउट’ म्हणजे आलेलं वाचून बदलायचं. फॉरट्राननेही ९० च्या आवृत्तीत ‘इंटेंट’ आणून हेच तीन प्रकार घेतले. सी शार्पमध्ये ‘रेफ’ आणि ‘आउट’ आहेत, ‘इन’ २०१७ मध्ये मिळालं.

मी माझ्या भाषेत एकच शब्द ठेवला, ‘बदल’:

    फंक्शन क्रमाने_लाव(बदल यादी)

‘आउट’ ठेवायचं ठरवलंत तर सी शार्पसारखे दोन नियम कंपायलरकडून पाळून घ्या: भरण्याआधी वाचता येणार नाही, आणि न भरता फंक्शनमधून बाहेर पडता येणार नाही. हे तपासायला प्रत्येक इफ-एल्सच्या वाटेवरून चालत जावं लागतं. तेवढी मेहनत करायची नसेल तर ‘आउट’ नकोच. पायरी ७ मध्ये त्याची गरज बरीच कमी होते.

दुसरी जपायची गोष्ट म्हणजे ‘फक्त वाचायचं’ हे किती खोलवर लागू आहे. जावाचं ‘फायनल’ फक्त किल्ली बदलू देत नाही. घरात जाऊन भिंत पाडली तरी त्याला हरकत नाही. सी++ चं ‘कॉन्स्ट’ वस्तूच्या स्वतःच्या फील्डना वाचवतं, पण त्या वस्तूत एखादा पॉइंटर (दुसऱ्या वस्तूचा पत्ता) असेल तर त्याच्या पलीकडची वस्तू उघडीच राहते. जावास्क्रिप्टचं ऑब्जेक्ट फ्रीझही पहिल्या थरापुरतंच. वाचणाऱ्याला वाटतं आपल्याला हमी मिळाली, आणि ती असते अर्धीच. कॉपीचा नियम आतल्या सगळ्या थरांना लावलात तर हा प्रश्न उरत नाही. किल्ल्या वाटणार असाल तर ‘फक्त वाचायचं’ ची व्याख्या तळापर्यंत करा, नाहीतर तो शब्द भाषेत घेऊच नका.

पायरी ५: कॉलच्या ओळीवरही तो शब्द दिसू द्या

सगळ्या लेखातला एकच मुद्दा लक्षात ठेवायचा असेल तर तो हा. सिग्नेचर एका फाइलमध्ये असते, कॉल दुसऱ्या. रात्री साडेदहाला बग शोधणारा माणूस कॉलची ओळ वाचत असतो. ओळीत पाच फंक्शनं असतील तर तो पाचही सिग्नेचर उघडून बघणार नाही. मीही बघितल्या नाहीत.

सी मध्ये हे योगायोगाने जमून गेलं होतं. अदलाबदल(&अ, &ब) अशी ओळ दिसली की & ओरडून सांगतो, इथे काहीतरी बदलणार आहे. सी++ मध्ये रेफरन्स (मूळ वस्तूचंच दुसरं नाव) आले आणि ते चिन्ह कॉलवरून गायब झालं. मोज(अ) वाचून अ सुरक्षित आहे की नाही ते कळेना. गूगलच्या सी++ लेखननियमांत बरीच वर्षं असा आग्रह होता की, बदलायचा पॅरामीटर असेल तर रेफरन्स नको, पॉइंटर घ्या. हेतू हाच, की कॉलवर & दिसावा.

नंतरच्या भाषांनी हे मनावर घेतलं. सी शार्पमध्ये ‘रेफ’ किंवा ‘आउट’ कॉल करतानाही लिहावंच लागतं. स्विफ्टमध्ये ‘इनआउट’ साठी कॉलवर & हवं. २०१५ मध्ये १.० झालेल्या रस्टमध्ये आपली वस्तू बदलायला द्यायची तर ‘&म्यूट’ असं दोन्हीकडे. पीएचपी मात्र उलट्या दिशेने गेली: & फक्त फंक्शनच्या व्याख्येत, आणि कॉलवर लिहायची सोय होती तीही २०१२ च्या ५.४ मध्ये काढून टाकली. त्यामुळे पीएचपीत सॉर्टला ॲरे दिला की तो जागेवर बदलतो आणि ओळीवर खूण काहीच नसते.

खुणेसाठी शब्द न वापरता नावातच इशारा देण्याचीही रीत आहे. स्कीममधून आलेली उद्गारचिन्हाची पद्धत ज्युलियाने नेटाने पाळली: सॉर्ट नवी यादी देतं, सॉर्ट! हातातली बदलतं. रुबीतही उद्गारचिन्ह आहे, पण तिथे त्याचा अर्थ ‘जोडीतलं जास्त धोक्याचं’ इतकाच. पुश किंवा डिलीट वस्तू बदलतात आणि त्यांना चिन्ह नाही. पायटॉर्च या पायथन लायब्ररीत नावातली शेवटची अंडरस्कोअर तेच काम करते. हे सगळे संकेत झाले. संकेत पाळला नाही म्हणून कंपायलर कोणाला अडवत नाही.

पायथनने तिसरीच युक्ती काढली. लिस्टचं सॉर्ट जागेवर क्रम लावतं आणि परत ‘नन’, म्हणजे काहीच नाही, देतं. त्यामुळे अ = अ.सॉर्ट() लिहिणारा नवखा लगेच तोंडावर आपटतो आणि कायमचा शिकतो. नवी यादी हवी असेल तर सॉर्टेड हे वेगळं फंक्शन आहे, ते २००४ च्या २.४ मध्ये आलं. जावास्क्रिप्टचं सॉर्ट मात्र जागेवर बदल करून तोच ॲरे परत देतं. परत मिळालं म्हणजे नवं असणार, असं वाटून कितीजण फसले असतील देव जाणे. बदल न करणारं टूसॉर्टेड भाषेच्या मानकात यायला २०२३ उजाडलं.

माझ्या दुरुस्त भाषेत थकबाकीचा कोड असा झाला:

    मोठे_थकबाकीदार(बदल फ्लॅट)
    रीडिंग_जोड(बदल फ्लॅट, मीटर)

पहिल्या ओळीतला ‘बदल’ बघूनच खटकतं. छापायला बदल कशाला? तो शब्द काढला की मोठे_थकबाकीदारच्या पोटातल्या कॉलवर इंटरप्रिटर अडून बसतो, कारण ‘बदल’ शिवाय आलेली यादी पुढे क्रमाने_लावला ‘बदल’ म्हणून देता येत नाही. मग माणूस नाइलाजाने आत एक लोकल कॉपी करतो, आणि तेच तर हवं होतं.

पायरी ६: एकच वस्तू दोन नावांनी आत आली तर?

‘बदल’ आणलात की हा पाहुणा मागोमाग येतोच, आणि त्याला विसरलात तर पैशांची गडबड होते. अक्षरशः.

    फंक्शन वळव(बदल कुठून, बदल कुठे, रक्कम)
        कुठून.शिल्लक = कुठून.शिल्लक - रक्कम
        कुठे.शिल्लक = कुठे.शिल्लक + रक्कम

सिंकिंग फंडातून दुरुस्ती फंडात १०,००० रुपये वळवायचेत. पण एका छोट्या सोसायटीने दोन्ही फंडांचं खातं एकच ठेवलंय, शिल्लक ५०,०००. ‘बदल’ पॅरामीटर पत्त्याने पाठवत असाल तर दहा हजार वजा होतात, परत मिळतात, ५०,००० च राहतात. आता समजा तुमची पद्धत ‘येताना कॉपी, जाताना कॉपी परत’ अशी आहे. आत दोन झेरॉक्स आल्या, दोन्हींवर ५०,०००. एक झाली ४०,०००, दुसरी ६०,०००. जाताना दोन्ही त्याच खात्यावर लिहिल्या जातात आणि जी शेवटी लिहिली ती उरते. सोसायटी एका ओळीत दहा हजारांनी श्रीमंत, किंवा गरीब.

सी मध्ये याच प्रश्नामुळे मेमसीपीवाय आणि मेममूव्ह अशी मेमरीतला मजकूर हलवणारी दोन फंक्शनं आहेत. मूळ आणि लक्ष्य जागा एकमेकींवर येत असतील तर पहिलं वापरायचं नाही. मॅट्रिक्सच्या गुणाकारात उत्तराची जागा म्हणून एक मूळ मॅट्रिक्सच दिला तर अर्ध्यातच आधीचे आकडे पुसले जातात आणि पुढचा गुणाकार कचऱ्याचा होतो.

उपाय एकच पटण्यासारखा आहे: जी वस्तू ‘बदल’ म्हणून दिली ती त्याच कॉलमध्ये दुसऱ्यांदा, कुठल्याही रूपात, देऊ द्यायची नाही. रस्टचा बॉरो चेकर हेच कंपाइल करतानाच पकडतो: बदलणारा एक, किंवा वाचणारे अनेक, दोन्ही एकदम नाही. स्विफ्टचाही असाच नियम आहे. त्याचा एक मजेदार परिणाम म्हणजे स्विफ्ट ४ मध्ये एकाच ॲरेचे दोन घटक & लावून स्वॅपला देता येईनात, कारण तो एकाच ॲरेला दोनदा हात लावणं ठरतं. म्हणून स्वॅपॲट हे वेगळं फंक्शन द्यावं लागलं, ज्याला दोन क्रमांक देतात. अल्गोलमध्ये न जमलेला स्वॅप साठ वर्षांनीही लोकांना कामाला लावतोच आहे.

छोट्या इंटरप्रिटरमध्ये एवढी यंत्रणा लागत नाही. कॉलच्या वेळी ‘बदल’ लावलेल्या प्रत्येक आर्ग्युमेंटचं मुळातलं व्हेरिएबल कोणतं ते बघा. दोन ठिकाणी एकच निघालं, किंवा दोन वेगळी व्हेरिएबल एकाच खात्याकडे बोट दाखवत असली, तर तिथेच थांबा आणि ओळ क्रमांकासह एरर द्या. फ्लॅट[२] आणि फ्लॅट[५] असे वेगळे घटक दिले तरी मी सरसकट नाकारतो. सुरुवातीला दोघांनी तक्रार केली, त्यांना स्वॅपॲटसारखं एक फंक्शन दिलं, तक्रार थांबली.

पायरी ७: परत देणं इतकं सोपं करा की बदल करावासा वाटू नये

बदलणारे पॅरामीटर लोक बहुतेक वेळा आळसाने वापरतात, कारण फंक्शनला एकच उत्तर परत देता येतं आणि त्यांना दोन द्यायची असतात. सी शार्पमधलं ट्रायपार्स (मजकुरातून आकडा काढणारं) बघा: जमलं की नाही ते परत येतं आणि आकडा ‘आउट’ मधून. गोने एका फंक्शनला अनेक उत्तरं देऊ दिली, पायथनमध्ये टपल (अनेक किमतींचं एकच गाठोडं) आहे, आणि तिथे या कामासाठी कोणाला ‘आउट’ ची आठवणही येत नाही. भाषेत हे पहिल्या दिवसापासून ठेवा.

तरीही जागेवर बदल करणं रास्त असतं, आणि ते केव्हा हे आकड्यांनी ठरवावं. १०,००० बाय १०,००० चा मॅट्रिक्स, प्रत्येक आकडा ८ बाइट, म्हणजे ८० कोटी बाइट. प्रत्येक बेरजेला असा नवा मॅट्रिक्स परत द्यायचा तर मशीन कण्हायला लागतं. म्हणून पायथनच्या नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीत बऱ्याच फंक्शनांना ‘आउट’, म्हणजे उत्तर भरायची तयार जागा, देता येतो आणि गोमधलं रीड वाचलेले बाइट कॉल करणाऱ्याने दिलेल्या बफरमध्ये भरतं: बफर एकदा घ्या, हजारदा वापरा. मेंटेनन्स बिलांच्या भाषेत अशी वेळ येत नाही. तिथे शंभर-दोनशे फ्लॅट असतात, कॉपी करा आणि चहा प्या.

कॉपी पुढे ढकलण्याच्या युक्तीत एक खड्डा आहे तो मात्र सांगायला हवा. लूपमध्ये १ लाख घटकांचा ॲरे एकेक करून बदलताय आणि त्याच ॲरेकडे बोट दाखवणारं नवं नाव प्रत्येक फेरीत कुठेतरी तयार होतंय, समजा ‘मागची_स्थिती’. मग प्रत्येक लिहिण्याला आकडा २ दिसतो आणि पूर्ण झेरॉक्स निघते. १ लाख गुणिले १ लाख, म्हणजे १,००० कोटी घटकांची कॉपी. प्रोग्राम बरोबर उत्तर देतो, फक्त उद्या. यासाठी इंटरप्रिटरमध्ये मोठ्या कॉपींचा एक काउंटर ठेवा आणि डीबग मोडमध्ये छापा.

पायरी ८: डीफॉल्ट किमती दर कॉलला नव्याने बनवा

पायथनमध्ये पॅरामीटरची डीफॉल्ट किंमत (कॉल करताना काही दिलं नाही तर वापरायची) फंक्शनची व्याख्या वाचली जाते तेव्हा एकदाच बनते. ती रिकामी लिस्ट असेल आणि फंक्शन तिच्यात भर घालत असेल, तर पुढच्या कॉलला ती रिकामी नसते, मागच्यांचं उष्टं तिच्यात असतं. मुलाखतींमध्ये हा प्रश्न इतका विचारला जातो की तो आता कोडं राहिलेला नाही. नव्या भाषेत हे टाळणं फुकट आहे: डीफॉल्टची पदावली कॉलच्या वेळी मोजा.

पायरी ९: भाषा आधीच ठरलेली असेल तर

बहुतेकांच्या वाट्याला हेच येतं. पायथन, जावा किंवा जावास्क्रिप्टमध्ये काम करताना मी या गोष्टी करतो. बदलणाऱ्या फंक्शनचं नाव क्रियापदाने सुरू करतो आणि त्यातून काहीही परत देत नाही. उत्तर देणारी फंक्शनं काही बदलत नाहीत. मेयर यांनी आज्ञा आणि प्रश्न वेगळे ठेवण्याचा जो दंडक घातला, तोच हा. बाहेरून आलेली यादी क्लासमध्ये साठवायची असेल तर साठवताना कॉपी घेतो, आणि बाहेर देताना पुन्हा कॉपी देतो.

टेस्टमध्ये एक छोटं यंत्र लावून ठेवतो. फंक्शनला आर्ग्युमेंट देण्याआधी त्यांची खोल कॉपी काढायची, कॉल करायचा, आणि नंतर मूळ आर्ग्युमेंट त्या कॉपीशी ताडून बघायचे. फरक निघाला आणि फंक्शनचं नाव ‘बदलणारी’ यादीत नसेल तर टेस्ट नापास. पायथनमध्ये हे दहा-बारा ओळींच्या डेकोरेटरमध्ये (फंक्शनभोवती गुंडाळायच्या फंक्शनमध्ये) बसतं. जावात टेस्टला लिस्ट.ऑफ ने केलेली यादी द्या (जावा ९, २०१७). कोणी तिला बदलायला गेलं की लगेच एक्सेप्शन फुटतं आणि गुन्हेगार ओळ क्रमांकासकट सापडतो. नमपायच्या ॲरेवर लिहिण्याची परवानगी काढून घेता येते, तेही तितकंच कामाचं. नमपायमध्ये याची गरज जास्तच, कारण तिथे ॲरेचा तुकडा कापला की तो नवा ॲरे नसतो, मूळ ॲरेवरचीच खिडकी असते.

जुन्या कोडला हे यंत्र पहिल्यांदा लावाल तेव्हा टेस्टचा पडदा लाल होईल. घाबरू नका, आणि सगळं एकदम दुरुस्त करायलाही बसू नका. आधी फक्त अशी फंक्शनं निवडा ज्यांच्या नावात छाप, दाखव, मोज, तपास असे शब्द आहेत आणि जी तरीही आर्ग्युमेंट बदलतात. माझ्याकडे अशी सात निघाली. सहा सॉर्टमुळे, आणि सातवं एका तारखेला ‘जरा नीट फॉरमॅट करून’ परत त्याच जागी ठेवत होतं.